कृत्रिम भारहीनता आणि वनस्पतीची पेशी



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वनस्पतिशास्त्रावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी हे शास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. वाचनालयातली पुस्तके आणि जाणकारांना विचारलेल्या शंका, एवढेच माझे भांडवल. परंतु ज्या प्रश्नाने मला या वाचनाला लावले, तो प्रश्न आपल्या सर्वांच्या घरातला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी प्रत्येक दाणा सुलटा पडला की उलटा, हे पाहत नाही. दाणा कसाही पडो, मूळ खाली जाते आणि कोंब वर येतो. मातीच्या आत अंधार असतो, म्हणजे उजेड पाहून बी वाट काढते असेही म्हणता येत नाही. मग खाली कोठे आणि वर कोठे, हे त्या दाण्याला सांगते कोण?

या प्रश्नाला प्रयोगाने उत्तर देण्याचे पहिले मोठे श्रेय टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागाइतदाराकडे जाते. हे काम १८०६ सालचे आहे. नाइटने विचार केला, की मूळ जर पृथ्वीच्या ओढीमुळे खाली जात असेल, तर त्या ओढीच्या जागी दुसरी ओढ लावून पाहावी. त्याच्या बागेतून पाण्याचा जोरदार ओहोळ वाहत होता. त्या पाण्यावर फिरणारे, सुमारे ११ इंच व्यासाचे चाक त्याने उभे केले आणि चाकाच्या कडेला भिजविलेले घेवड्याच्या जातीचे दाणे बांधले. चाक मिनिटाला दीडशे फेऱ्या घेत होते. काही दिवसांनी पाहतो तो सर्व मुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूला आणि सर्व कोंब आसाकडे वळलेले. चाकाच्या कडेवर केंद्रोत्सारी प्रेरणा पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे साडेतीन पट होती, आणि मुळांनी तिलाच ‘खाली’ मानले. नंतर त्याने चाक आडवे ठेवून आणखी वेगाने फिरविले, तेव्हा मुळे बाहेरच्या बाजूला, पण किंचित खाली कललेली निघाली. दोन ओढींचा जो मिळून परिणाम होतो, तीच दिशा मुळांनी धरली होती. वनस्पतीच्या या वळण्याला गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

आता मुळाच्या कोणत्या भागाला ही ओढ कळते? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह आहे. मुळाचे अगदी टोक कापून टाकले, तर मूळ वाढत राहते, पण आडवे ठेवले असता खाली वळत नाही. टोक पुन्हा तयार झाले की वळण्याची शक्ती परत येते. म्हणजे वळते मुळाच्या मागच्या भागातील अंग आणि जाणते टोक. एकाने जाणायचे आणि दुसऱ्याने वळायचे, तर दोघांमध्ये निरोप गेला पाहिजे, हे ओघाने आलेच.

टोकाला काय कळते, याचा उलगडा १९०० साली हाबरलांट आणि नेमेत्स या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचविला. मुळाच्या टोकावर पेशींची एक टोपी असते. तिच्या मधल्या पेशींत पिष्टाचे, म्हणजे आपण ज्याला स्टार्च म्हणतो त्याचे, कण भरलेले असतात. पिष्ट पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. त्यामुळे हे कण पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवे केले की काही मिनिटांतच ते घरंगळून नव्या तळाशी जातात. गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे पेशीला ‘खाली’ कोठे, हे या कणांवरून कळते.

पुढचा निरोप ऑक्सिन या वाढीच्या द्रव्याकडून जातो. आडव्या झालेल्या मुळात ऑक्सिन खालच्या बाजूस अधिक साचते. मुळात त्याचे प्रमाण वाढले की पेशींचे लांबणे मंदावते. वरची बाजू लांबत राहते, खालची मागे पडते आणि मूळ खाली वाकते. कोंबात याच द्रव्याने पेशी अधिक लांबतात, म्हणून कोंब वर उचलला जातो. द्रव्य एकच, पण अंग निराळे म्हणून परिणामही उलटा. कण बसल्याची खबर ऑक्सिनपर्यंत कशी पोचते, ही साखळीतली कडी मात्र फार दिवस हाती लागत नव्हती. २०२३ मध्ये जपानमधील आणि चीनमधील संशोधकांनी दाखविले, की पिष्टकणांच्या पृष्ठभागावर ‘लेझी’ नावाची काही प्रथिने असतात आणि कण जेथे टेकतात, तेथील पेशीपटलावर ती उतरतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या तर्काला अशी पेशीच्या आतून साक्ष मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जी गोष्ट सदासर्वदा असते, तिचे काम सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. गिरणीचा भोंगा रोज होतो तोवर कोणी त्याची दखल घेत नाही; ज्या दिवशी तो होत नाही, त्या दिवशी सारी वस्ती दचकून उठते. पृथ्वीवर जीव उत्पन्न झाल्यापासून ही ओढ क्षणभरही थांबलेली नाही. तेव्हा ती पेशीसाठी नेमके काय करते, हे जाणण्याचा खात्रीचा मार्ग एकच, की ती काढून घ्यावी आणि काय अडते ते पाहावे. पण पृथ्वीवर राहून पृथ्वीची ओढ काढणार कशी?

पुष्कळांची अशी समजूत असते, की उंच अंतराळात गेले म्हणजे गुरुत्वाकर्षण संपते. ही समजूत चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते. तेथील माणसे तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातील सर्व वस्तू सतत एकत्र पडत असतात. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये माणसाचा भार लिफ्टच्या तळावर पडणार नाही, तसेच हे आहे. स्थानकाला पुढे जाण्याचा वेग इतका असतो, की ते पडत पडत पृथ्वीला वळसा घालीत राहते, आणि म्हणूनच जमिनीवर आदळत नाही.

जमिनीच्या जवळ असे पडणे घडवून आणता येते, पण थोडाच वेळ. जर्मनीतील ब्रेमेन येथे १४६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. त्यातील निर्वात नळीतून सुमारे ११० मीटर खाली सोडलेल्या पेटीला पावणेपाच सेकंद भारहीनता मिळते. विमान विशिष्ट वक्र मार्गाने उडविले तर सुमारे २२ सेकंद मिळतात. परंतु प्रत्येक वेळी त्याच्या आधी आणि नंतर जवळजवळ दुप्पट भार सोसावा लागतो. स्वीडनच्या उत्तरेकडील किरुनाजवळून सोडल्या जाणाऱ्या ‘टेक्सस’ रॉकेटांतून सहा मिनिटे मिळतात. मुळाला वाकायला मात्र तासच्या तास लागतात. दिवसचे दिवस भारहीनता हवी असेल, तर कक्षेतच गेले पाहिजे. तेथला खर्च मोठा, जागा थोडी आणि प्रतीक्षा दीर्घ.

या अडचणीतून एक जुनीच युक्ती कामी आली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियुस झाक्स याने १८७९ च्या सुमारास क्लिनोस्टॅट नावाचे यंत्र वापरात आणले. रचना अगदी साधी. एका आडव्या आसावर रोप बांधायचे आणि आस संथपणे फिरवायचा. आज पुष्कळदा हा वेग मिनिटाला एक फेरी, म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याइतका ठेवतात. रोप फिरत असल्यामुळे त्याचा जो भाग आता खाली आहे, तोच अर्ध्या मिनिटाने वर जातो. पिष्टकण एका बाजूला बसू लागतात न लागतात, तोच ती बाजू वर जाते. परिणामी मूळ कोणत्याच बाजूला वळत नाही आणि बांधले असेल त्या दिशेने वाढत राहते.

श्रोत्यांपैकी ज्यांनी तीन पाळ्यांत काम केले आहे, त्यांना ही अवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही. रातपाळीचा सराव होतो न होतो, तोच दुसरी पाळी लागते. तिच्यात अंग रुळेपर्यंत पहिली. अशा माणसाच्या शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती, याचा निर्णय करता येत नाही. पण म्हणून दिवस आणि रात्र नाहीशी झाली, असे कोणी म्हणेल काय? ती दोन्ही त्याच्यावरून रोज जातातच, आणि त्यांचा शीणही त्याला होतो. क्लिनोस्टॅटवरच्या रोपाचे असेच आहे. पृथ्वीची ओढ तसूभरही कमी झालेली नसते. फक्त ती एका दिशेला पुरेसा वेळ टिकत नाही, म्हणून पेशीला तिच्यावरून निर्णय करता येत नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे. यंत्रावरचे रोप भारमुक्त नसते, ते दिशेला पारखे झालेले असते. या दोन अवस्था कोठे सारख्या आणि कोठे निराळ्या, हे शोधून काढणे हेच या शास्त्राचे निम्मे काम आहे.

ते काम कसे चालते, ते आता पाहू. पहिला प्रश्न वेगाचा. चाक फार वेगाने फिरविले, तर नाइटच्या चाकाप्रमाणे केंद्रोत्सारी प्रेरणाच ‘खाली’ होऊन बसेल. मिनिटाला एक फेरी आणि आसापासून एक सेंटिमीटर अंतर असेल, तर ही प्रेरणा पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे एक लक्षांश भरते. ती सोडून देता येते. परंतु एवढ्या मंद गतीत पिष्टकण फेरीगणिक पेशीत इकडून तिकडे हेलकावत असतात. म्हणून काही संशोधक बारीक नमुने मिनिटाला साठ फेऱ्यांच्या वेगाने फिरवितात. मग कणाला हलायला अवसरच मिळत नाही. पण येथे नमुना आसाला अगदी चिकटून असावा लागतो. आसापासून तीन मिलिमीटर दूर गेले, तरी केंद्रोत्सारी प्रेरणा एक शतांशाच्या वर जाते. थोडक्यात, प्रत्येक वेगाची काही किंमत असते.

दुसरी सुधारणा अशी, की एका आसाऐवजी एकात एक बसविलेल्या दोन चौकटी दोन आसांवर फिरवायच्या आणि वेग व दिशा यदृच्छेने बदलत ठेवायच्या. याला रँडम पोझिशनिंग मशीन म्हणतात. यात ओढ केवळ एका वर्तुळात न फिरता सर्व दिशांना विखुरते आणि बऱ्याच वेळाची सरासरी शून्याच्या जवळ येते.

तिसरी गोष्ट तुलनेची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्रावरच्या रोपात काही फरक दिसला, तर तो ओढीची दिशा हरपल्यामुळे, की मोटारीच्या थरथरण्यामुळे, की पाणी हिंदकळल्यामुळे? याचा निवाडा करण्यासाठी तेच रोप उभ्या आसावर तितक्याच वेगाने फिरवितात. तेथे थरथर तीच, फिरणे तेच. परंतु ओढ मुळाच्या दिशेनेच राहते. दोन्हींत सारखाच फरक दिसला, तर दोष यंत्राचा समजावयाचा.

शेवटची कसोटी अर्थात अंतराळाची. २००० साली क्राफ्ट, व्हान लून आणि किस या संशोधकांनी एक फार उपयोगी तुलना प्रसिद्ध केली. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस नावाचे लहानसे रोप या शास्त्रात नित्य वापरतात. त्याच्या मुळाच्या टोपीतील पिष्टकणांच्या जागा त्यांनी चार ठिकाणी पाहिल्या: जमिनीवर स्थिर, मिनिटाला एक फेरी घेणाऱ्या क्लिनोस्टॅटवर, दोन आसांच्या यंत्रावर आणि खऱ्या अंतराळात. दोन आसांच्या यंत्रावरील पेशी या बाबतीत अंतराळातील पेशींशी जुळल्या. जुन्या एका आसाच्या यंत्रावरच्या जुळल्या नाहीत. जुन्या यंत्रावरील पेशींच्या अंतर्रचनेत पूर्वी जे बिघाड नोंदले गेले होते, तेही दोन आसांच्या यंत्रावर आढळले नाहीत. म्हणजे त्या बिघाडांचे खापर भारहीनतेवर फोडता आले नसते; ते फिरविण्याच्या पद्धतीचे होते. खरे अंतराळ तुलनेला नसते, तर हे कळले असते का?

अशा प्रयोगांतून पेशीविषयी जे कळले, त्यातील तीन गोष्टी सांगतो.

पहिली कारा या पाणवनस्पतीची. ही गोड्या पाण्यात वाढणारी शैवालजाती. तिच्या मुळासारख्या तंतूच्या टोकाशी बेरियम सल्फेटचे जड कण असतात. मौज अशी, की हे कण अगदी तळाशी टेकलेले नसून टोकापासून थोडे वर तोललेले असतात. टेक्सस रॉकेटमध्ये सहा मिनिटांची भारहीनता मिळताच ते टोकापासून दूर सरकले. पुढे क्लिनोस्टॅटवर फिरविलेल्या कारातही ते त्याच बाजूला सरकलेले दिसले. याचा अर्थ असा, की पेशीतील ॲक्टिन प्रथिनाचे तंतू त्या कणांना सतत वर ओढीत असतात आणि पृथ्वी त्यांना खाली ओढीत असते. आपण जिला स्थिरता समजत होतो, ती बरोबरीत चाललेली रस्सीखेच होती. एका बाजूने दोर सोडला, तेव्हा दुसरी बाजू उघडी पडली.

दुसरी गोष्ट वाढीची. मुळाच्या टोकामागील भागात पेशी दुभागतात आणि आकाराने वाढतातही. ही दोन कामे एकमेकांच्या मेळाने चालतात. पेशी पुरेशी वाढते, मग दुभागते. २००३ साली अंतराळ स्थानकावर अंकुरविलेल्या ॲराबिडॉप्सिसचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे पेशींचे दुभागणे वाढलेले आढळले; पण प्रथिने घडविणारे रायबोसोम जेथे तयार होतात, ती केंद्रकातील गाठ लहान झालेली होती. दोन आसांच्या यंत्रावरही हाच कल दिसून आला. संख्या वाढते, पण भरण होत नाही. दोन कामांचा मेळ सुटतो. रोप बाहेरून हिरवे दिसते, म्हणून आत सर्व कुशल आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट गर्व उतरविणारी. काही मुळे अंतराळात एका बाजूला तिरपी वाढतात. जमिनीवर मुळांची ही सवय पाहून शास्त्रज्ञ मानीत, की तिला गुरुत्वाकर्षण लागतेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्थानकावरील मुळांनी ओढ नसतानाही तसेच वळसे घेतले. ज्याचे श्रेय आपण ओढीला देत होतो, ते काही अंशी मुळाचे स्वतःचेच होते.

या सर्व खटाटोपाचा आपल्याला उपयोग काय, असा प्रश्न सभेत कोणीतरी विचारणारच. १९८२ साली साल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकावर ॲराबिडॉप्सिसने बी ते बी असा पहिला फेरा पुरा केला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी स्थानकावर पिकविलेले लेट्यूस खाल्ले. आपल्या देशानेही यात हात घातला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या भारतीय रॉकेटाबरोबर चवळीचे दाणे गेले आणि चार दिवसांत त्यांना मोड आले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी अंकुरविली. त्यामागे धारवाडच्या कृषी विद्यापीठातील आणि आयआयटीतील संशोधक होते. दूरच्या प्रवासाला जाणाऱ्या माणसांना ताजे अन्न हवे, हा हेतू उघड आहे. पण मला दुसरा लाभ अधिक मोलाचा वाटतो. मुळाला खाली जायला काय सांगते, हे पेशीच्या पातळीवर कळले, तर दुष्काळी जमिनीत खोल मूळ सोडणारे वाण निवडण्याला त्या ज्ञानाची मदत होईल.

शेवटी दोन सूचना करून आपली रजा घेतो. भारहीनतेत वाढविलेल्या रोपांची बातमी वाचनात आली, तर तीन गोष्टी पाहाव्यात: भारहीनता खरी होती की यंत्रावरची, यंत्र असेल तर कोणते आणि किती वेगाचे, आणि तुलनेला काय ठेवले होते. ही उत्तरे ज्या बातमीत नसतील, तिच्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.

दुसरी सूचना मुलांसाठी. काचेच्या पेल्याच्या आत टीपकागदाची ओली गुंडाळी बसवा. काच आणि कागद यांच्यामध्ये भिजलेले चार मूग सरकवा आणि पेला अंधाऱ्या कपाटात ठेवा. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले, की पेला आडवा करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. मुळाने जो काटकोन घेतलेला दिसेल, त्यात आज सांगितलेली सारी साखळी आहे: कणांचे घरंगळणे, प्रथिनांचे उतरणे, ऑक्सिनचे साचणे आणि एका बाजूचे मागे पडणे. दाणे उरले तर त्यांची उसळ करण्यास हरकत नाही.